नानाय साल्बाचं पिवळं कार्ड

साल्बासियोन फालकोतेलो हे लांबलचक नाव पुन्ता तालिसायच्या किनाऱ्यावर दोनदाच पूर्ण उच्चारलं गेलं होतं. एकदा बाप्तिस्म्याला आणि एकदा लग्नाला. एरवी लहानथोर सगळे तिला नानाय साल्बा, म्हणजे साल्बाआई, म्हणत. वय बासष्ट, उंची बेताची, अंग भरलेलं, आणि आवाज असा की बाजारात तिने "इबोस घ्या, गरम इबोस!" अशी हाळी दिली की समुद्रात होडीवर बसलेल्यांनाही भूक लागावी. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात कोवळ्या झावळीत गुंडाळून ती विकायची. सकाळी नऊपर्यंत टोपली रिकामी व्हायची. मग ती घरी यायची, आणि दारात पाऊल टाकलं की तोच आवाज एवढासा होऊन जायचा. कारण घरात क्लेतो होता.

अनाक्लेतो तिचा एकुलता एक. चौतीस वर्षांचा. पानाय बेटाच्या त्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस जहाजावर असतो. क्लेतो त्यातला हुशार, मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी, झालेला. पण ब्राझीलच्या वाटेवर त्याला वाटायला लागलं की जहाजाचा रेडिओ रात्रंदिवस आपल्याबद्दल बोलतोय. स्वयंपाकी आपल्या ताटात काहीतरी कालवतोय. सान्तोस बंदरात कॅप्टनने त्याला विमानात बसवून घरी धाडलं. सोबतच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'थकवा'.

याला अडीच वर्षं झाली. थकवा काही उतरला नव्हता. क्लेतो मागच्या खोलीत बसायचा. खिडकीला त्याने सार्डिनच्या खोक्यांचे पुठ्ठे लावले होते. भिंतीला कान लावायचा, कुणाला तरी उत्तरं द्यायचा, मधेच हसायचा. त्या हसण्यात गंमत वाटल्याचा मागमूसही नसायचा. खायचा फक्त उकडलेली अंडी. ती स्वतः सोलायचा आणि मिठात बुडवून खायचा. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर: "मी आजारी नाही. आजारी ते आहेत."

उपाय सांगायला अख्खा गाव तयार होता. सगळ्यांत पुढे साल्बाची थोरली बहीण पुरा, जिला ती 'मानांग' म्हणायची. मानांग पुराने आधी नऊ दिवसांची प्रार्थना धरली, ती चार वेळा झाली. मग तिने लोलो दिगोयला आणलं. लोलो दिगोय म्हणजे अंगावरचं उतरवणारा, तोंडात एकच दात, पण त्या दाताचा मोठा दबदबा. त्याने क्लेतोच्या खोलीबाहेर उभं राहून हवा हुंगली, आवाराच्या कडेला असलेल्या लुनोकच्या जुनाट झाडाकडे पाहिलं आणि निदान केलं.

"तामावो आहे. गोरी. झाडात राहते. राजकन्या आहे त्यांच्यातली. तुझ्या पोरावर जीव जडलाय तिचा."

आता खरं सांगायचं तर साल्बाला क्षणभर बरंच वाटलं. गावातल्या तीन मुलींनी क्लेतोला नकार दिला होता, त्यातली एक तर तिरळी.

"राजकन्या आहे ना?" ती म्हणाली. "मग रीतसर मागणी घालायला या म्हणावं तिच्या माणसांना. दारं उघडी आहेत."

"त्या मागणी घालत नाहीत, साल्बा," लोलो दिगोय म्हणाला. "त्या घेऊन जातात."

त्यावर त्याने उपाय दिला. एक पांढरी कोंबडी, जी तो सोबत घेऊन गेला, आणि एक पुडी, जी त्याने मागे ठेवली. पुडीत करडी राख होती. नऊ शुक्रवार चिमूटभर जेवणातून द्यायची. पोराला कळू द्यायचं नाही. एक जरी शुक्रवार चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून.

क्लेतो एकेकदा ताट तसंच परत पाठवायचा, त्यामुळे ते नऊ शुक्रवार वर्षभर चालले तरी संपेनात. साल्बाने आधी राख कॉफीत घातली, मग फणसाच्या कालवणात. त्याने दोन्ही सोडून दिली आणि अंडी धरली. आता अंड्यात काय घालणार? तिने खूप विचार केला आणि शेवटी राख मिठात मिसळली.

"मीठ काळं दिसतंय," क्लेतो एकदा म्हणाला.

"समुद्राचं आहे रे तोतो, बाळा. समुद्रच घाण झालाय."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर पाद्र्यांनी जाहीर केलं की दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी आरोग्य केंद्रात शहरातून मनाच्या आजाराची डॉक्टरीणबाई येणार आहे, फुकट. मानांग पुराने साल्बाला कोपर मारलं.

"नवऱ्याला सांगते. तो आणि त्याचे तिघे भाऊ. दोरी आमच्याकडे आहे. पोराला ट्रायसिकल-रिक्षात घालून नेऊ."

"माझा पोरगा काय डुक्कर आहे, सणाला बांधून न्यायला?"

"मग तो पायाने जाणार आहे का?"

"मीच जाते आधी. बघते कशी बाई आहे ती."

गुरुवारी ती गेली. आरोग्य केंद्रात त्याच दिवशी बाळांना लस टोचत होते. तीस बाळं, तीस आया, आणि सगळी बाळं एकाच सुरात. टेबलाशी नर्स मेर्लिंडा बसली होती. एका हाताने लशींच्या बाटल्या मोजत होती, दुसऱ्या हाताने नावं लिहीत होती.

"नाव?"

"साल्बासियोन फालकोतेलो." आयुष्यातली तिसरी वेळ.

"काय होतंय?"

"कसं सांगू बाई? करूनच दाखवते. असं समज की मी म्हणजे माझा पोरगा," साल्बा म्हणाली. नेमकं याच वाक्याला एका बाळाला सुई टोचली आणि त्याने असा टाहो फोडला की मेर्लिंडाच्या कानावर त्यातला एक शब्दही पडला नाही. तिने मान वर केली तेव्हा समोरची बाई भिंतीला कान लावून उभी होती.

"ऐकलंस?" साल्बा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझंच नाव घेतायत रेडिओवर! जेवणात कालवलंय मला! हॅ हॅ हॅ!" मग ती झटकन वळली आणि हवेकडे बोट रोखून ओरडली, "मी आजारी नाही! आजारी ते आहेत!"

तीसच्या तीस बाळं गप्प झाली.

मेर्लिंडाने लशींच्या बाटल्या हळूच बाजूला सरकवल्या. "नानाय," ती मधाळ आवाजात म्हणाली, "बसा हं इथे. किती दिवसांपासून चाललंय हे?"

"अडीच वर्षं." साल्बा खूश झाली. सरकारी माणूस एवढं गोड बोलतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"झोप लागते?"

"झोप कसली! डोळ्याला डोळा लागत नाही." हे मात्र ती स्वतःबद्दल म्हणाली.

"सोबत कुणी आलंय?"

"एकटीच आले. कोण येणार माझ्याबरोबर?"

मेर्लिंडाचे डोळे भरून आले. तिने एक पिवळं कार्ड काढलं, त्यावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, साल्बाच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला, एकशे नव्वदचा आकडा पाहून "अगं बाई!" म्हणाली आणि साल्बाला हाताला धरून रांगेच्या पुढे नेलं. साल्बाने मागे वळून बाकीच्यांकडे जरा ऐटीतच पाहिलं.

डॉक्टर सोबेरानो तिशीतली, केस आखूड, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. तिने कार्ड वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"नानाय, कुणाचे आवाज ऐकू येतात का तुम्हाला?"

"येतात की. रोज. भिंतीतून."

"काय म्हणतात?"

"काही नेम नाही. कधी नांगर उचला म्हणतात, कधी शिव्या देतात. कधी नुसतंच पुटपुटतात."

"आवाज ओळखीचा वाटतो?"

"म्हणजे काय? माझ्या पोराचा आवाज मी ओळखणार नाही?"

"मुलगा कुठे असतो तुमचा?"

"भिंतीपलीकडे. मागच्या खोलीत."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा साल्बाकडे. "नानाय, आजारी कोण आहे?"

"तोच तर! मी मघापासून काय सांगतेय त्या पोरीला?"

डॉक्टर हसली नाही, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली. मग तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि साल्बाने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, एक पुडी सोडून.

"मला औषध द्या," शेवटी ती म्हणाली. "गोळी कुटून देते मिठातून. त्याला पत्ता लागायचा नाही."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाली. "जेवणात कुणीतरी काही घालतंय अशी त्याची खात्री झालेली आहे. आणि तुम्ही खरंच घालणार? ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं पाणी तरी पिईल का? असं कधीही करू नका."

"छे छे," साल्बा म्हणाली. "मी कशाला?"

डॉक्टरने तिला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. "मुलगा येवो न येवो, पुढच्या महिन्यात तुम्ही यायचं. अडीच वर्षं झोपला नाहीत तुम्ही. आणि जमलं तर त्याला सोबत आणा."

घरी आल्यावर साल्बाने कार्ड आणि गोळ्या टेबलावर टाकल्या आणि ती अंडी उकडायला लागली. क्लेतो अंडी न्यायला बाहेर आला. जहाजावरच्या माणसाला कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याने कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"नानाय, हे मनाच्या आजाराचं कार्ड आहे."

"हं."

"नाव तुझं आहे."

साल्बाने खुलासा करायला तोंड उघडलं. पण क्लेतो तिच्याकडे पाहत होता. भिंतीकडे नाही, छपराकडे नाही, सरळ तिच्या तोंडाकडे. असं त्याने कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, आणि अंड्यांचं पाणी उतू गेलं.

"डॉक्टर काय म्हणाली?"

"म्हणाली, पुढच्या महिन्यात येताना कुणाला तरी सोबत आण." यात खोटं असं काही नव्हतं.

क्लेतोने विचार केला. "मी येतो," तो म्हणाला. "तुझं एकटीचं काम नाही हे. मला बरेच दिवस शंका होतीच."

त्या दिवसापासून तो कामाला लागला. एक जुनी वही काढून त्याने तिच्यात रेघा आखल्या आणि जहाजावर पहाऱ्याच्या नोंदी करतात तशा नोंदी करायला लागला. साल्बाला कळेना, हा दाराच्या फटीतून डोकावतो काय, घड्याळ बघतो काय, लिहितो काय! पण तो खोलीबाहेर येत होता, म्हणून ती गप्प राहिली. मानांग पुराला तिने एवढंच सांगितलं, "दोरी घरीच ठेव."

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी क्लेतोने दाढी केली, इस्त्री केलेला शर्ट घातला आणि ट्रायसिकलमध्ये आईला आधी बसवलं. वाटेत दोनदा तो म्हणाला की मागची ट्रायसिकल आपल्या पाळतीवर आहे. तिच्यात मानांग पुरा होती, त्यामुळे साल्बाला त्याला खोटं पाडता आलं नाही.

डॉक्टर सोबेरानोसमोर तो ताठ बसला. "पेशंट माझी आई," त्याने सांगितलं. "मी निरीक्षण करून आणलंय. वाचू?"

डॉक्टरने साल्बाकडे पाहिलं. साल्बा छपराकडे पाहत होती. "वाचा," डॉक्टर म्हणाली.

क्लेतोने वही उघडली. "सोमवार. पाच वाजून दहा मिनिटं. उठली. सेन्योराशी बोलली. सेन्योरा ही कोंबडी आहे."

"मी कोंबडीशी बोलते?" साल्बा ताडकन म्हणाली.

"रोज. मंगळवार, पाच वाजून पाच. कोंबडीला विचारलं, माझ्यामागे याचं कोण बघेल. कोंबडीने उत्तर दिलं नाही. बुधवार. बाजारातून येताना रस्त्यात थांबून रडली, सात मिनिटं. मग तोंड धुऊन घरात आली आणि डोळ्यांत मिरची गेली म्हणाली. घरात मिरची नव्हती."



"गुरुवार. माझ्या दाराबाहेर स्टुलावर बसली. दोन तास. शुक्रवार," त्याने पान उलटलं, "सकाळी सहा वीस. मिठाच्या बरणीत काहीतरी टाकलं. कागदाच्या पुडीतून. चमच्याने ढवळलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा."

 दाराबाहेर नर्स मेर्लिंडाच्या चपला थबकल्या. डॉक्टरने हळूच विचारलं, "नानाय, हे खरं आहे?"

तोंडाने साल्बा कुणाला हार गेली नव्हती. भाव करणाऱ्या शहरी बायकांना तिने रडवून परत पाठवलं होतं. आता मात्र तिने समुद्राच्या घाणीचं नाव काढलं नाही.

"राख होती," ती म्हणाली. "लोलो दिगोयची. झाडातल्या बाईला घालवायची. आता मिठात होती. त्याआधी कालवणात. त्याआधी कॉफीत."

"कॉफीत?" क्लेतो म्हणाला. "कॉफीतलं मला माहीत नव्हतं."

"मला माफ कर, तोतो. मला वाटलं..."

"म्हणजे मी बरोबर होतो." तो डॉक्टरकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अडीच वर्षं खांद्यावर वागवलेलं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसं काहीतरी होतं. "सगळे म्हणायचे, तुला भास होतात."

"या बाबतीत तुम्ही बरोबर होता," डॉक्टर म्हणाली. "शंभर टक्के. तुम्ही सांगत होता आणि कुणी ऐकलं नाही. आणखी काय काय घडतं, सांगाल? मी ऐकतेय."

मग क्लेतोने सांगितलं. वही मिटून, खाली बघत, थांबत थांबत. सेकंड इंजिनिअरचा आवाज जहाजावरून त्याच्या मागे घरापर्यंत आला होता. तो म्हणायचा, तू ओझं आहेस. तो म्हणायचा, डोळा मिटलास की आम्ही तुझ्या म्हातारीला नेऊ. म्हणून क्लेतो झोपत नव्हता. भिंतीला कान लावून तो आईचा श्वास ऐकायचा.

साल्बा ऐकत राहिली. अडीच वर्षं ती दाराच्या या बाजूला स्टुलावर बसून त्याची राखण करत होती, आणि तो त्या बाजूला जागा राहून तिची. एका फळीचं अंतर. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने काढला नाही.

औषधाचं नाव निघताच मात्र क्लेतो पुन्हा ताठ झाला. "करार असेल तर," तो म्हणाला. "कराराशिवाय मी कुठल्याच कामावर चढलेलो नाही."

डॉक्टरने कोरा कागद पुढे सरकवला. त्याने तिथेच कलमं लिहिली. मुदत तीन महिने. गोळ्यांची बाटली माझ्या ताब्यात. जेवणात, पाण्यात, मिठात कुणीही काहीही घालणार नाही. माझी गोळी मी आईसमोर घेईन, आईने तिची प्रेशरची गोळी माझ्यासमोर घ्यायची. त्रास झाला तर डॉक्टरने ऐकून घ्यायचं, 'थकवा' म्हणायचं नाही. तिघांनी सह्या केल्या. शिक्का पाहिजे म्हणून तो अडून बसला, तेव्हा मेर्लिंडाने धावत जाऊन होता तो शिक्का आणून उमटवला. त्यावर लिहिलं होतं, 'बाळाची गोवराची लस पूर्ण'.

पहिला महिना तो नुसता झोपला. चौदा-चौदा तास. हात थरथरायचे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. मानांग पुरा म्हणाली, "होता तेवढा पोरगाही घालवलास तू." साल्बा रडकुंडीला आली. डॉक्टरने गोळी बदलली. दुसऱ्या महिन्यात थरथर कमी झाली आणि भूक आली, ती अशी की साल्बाला दहा इबोस घरासाठी वेगळे ठेवावे लागायला लागले. खिडकीवरचा एक पुठ्ठा उतरला. लोलो दिगोय एक दिवस येऊन झाडाकडे पाहून गेला आणि गावात म्हणाला, गेली राजकन्या, माझ्या राखेने गेली. साल्बाने त्याला तसं म्हणू दिलं. भांडायला तिच्याकडे वेळ नव्हता.

आणि चौथ्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी क्लेतोने गोळी घेतली नाही.

"करार संपला," तो म्हणाला.

"अरे, पण डॉक्टर यायची आहे अजून!"

"नवीन सही झालेली नाही."

त्या गुरुवारी वादळाचा इशारा होता, डॉक्टर आलीच नाही. दोन आठवड्यांत पुठ्ठा पुन्हा खिडकीवर चढला. आणि एका दुपारी साल्बा बाजारातून आली तर खोली उघडी, घर रिकामं. किनाऱ्यावरून लोकांचा गलका येत होता. क्लेतो छातीएवढ्या पाण्यात उभा होता, पाठीला पिशवी, नजर क्षितिजावर. त्याचं जहाज आलंय, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

साल्बाला पोहता येत नव्हतं. आयुष्य समुद्राकाठी गेलं, पण घोट्याच्या वर पाणी तिने कधी येऊ दिलं नव्हतं. ती घागऱ्यासकट, रिकाम्या टोपलीसकट सरळ आत शिरली. काठावरून सल्ल्यांचा पाऊस पडत होता.

"पाय रोवा, नानाय!"

"केस धरा त्याचे!"

"टोपली सोड गं!" ही मानांग पुरा. "टोपली कशाला हवीय तुला तिथे?"

साल्बाने टोपली सोडली आणि मुलाचा दंड धरला. ती बुटकी, त्यामुळे पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. तिने त्याला ओढलं नाही. लाट आली की ती तोंड वर करायची, लाट गेली की बोलायची. आज किती इबोस खपले. मेयरच्या बायकोने कसं घासाघीस करून शेवटी एकच घेतला. जहाज येत असेल तर येऊ दे, तिने सांगितलं, मीही येते, मला बाई तिथे स्वयंपाकाला ठेवून घ्या म्हणावं. एका मोठ्या लाटेचं पाणी तिच्या नाकातोंडात गेलं आणि तिला ठसका लागला.

क्लेतोने क्षितिजावरून नजर काढली. "नानाय, तू पाण्यात काय करतेयस?"

"उभी आहे."

"तुझं प्रेशर आहे."

"आहे की."

"सकाळची गोळी घेतलीस?"

"नाही. करार संपला ना आपला?"

 मग त्याने तिला काखेत हात घालून उचललं आणि किनाऱ्याकडे चालायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तसा तो दचकून थांबला. साल्बाने काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना तिच्या बाजारच्या आवाजात एकच वाक्य ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाळ्या थांबल्या.

डॉक्टर सोबेरानोला मेर्लिंडाने फोन केला. ती वार नसताना आली, मेर्लिंडाच्या भावाच्या ट्रायसिकलने. रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन, असं ठरलं. नव्या करारात मुदतीच्या रकान्यात क्लेतो तीनचा आकडा लिहीत होता, तेव्हा साल्बाने पेन काढून घेतलं. दोघांची तासभर घासाघीस झाली. शेवटी बारा महिने ठरले, संपण्याआधी एक महिना नवी सही करायची या अटीवर.

आवाज पूर्ण गेले नाहीत. सेकंड इंजिनिअर अजून येतो, क्लेतो सांगतो, पण आता तो लांबच्या होडीवरून बोलल्यासारखा बोलतो, आणि लक्ष नाही दिलं तरी चालतं. जहाजावर पुन्हा कुणी घेणार नाही हे त्याला कळलं, तेव्हा तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग शेजारच्या होडीचं इंजिन बंद पडलं, आणि त्याने ते बसल्या बसल्या खोलून पाहिलं. आता अधूनमधून कुणी ना कुणी इंजिन घेऊन येतं. काही दिवस तो ते करतो, काही दिवस दारच उघडत नाही. अशा दिवशी लोक इंजिन पायरीवर ठेवून जातात.

गेल्या फेब्रुवारीत साल्बाचा गुडघा धरला होता, म्हणून मासे आणायला क्लेतो स्वतः बाजारात गेला. चार वर्षांत पहिल्यांदा, एकटा. साल्बा दारात बसून होती, हाताच्या बोटांनी झावळीच्या पट्ट्या विणत आणि उसवत. पाऊण तासाने तो आला. पिशवीत चार मासे होते. तिने एक उचलला, डोळा पाहिला, कल्ला उघडून पाहिला, वास घेतला.

"हे कुणी दिलं तुला?"

"मासेवाल्या तियाय बेबांगने. ताजे आहेत म्हणाली."

"ताजे?" साल्बाचा आवाज चढला. "हे गेल्या आठवड्यात मेलेत! याचा डोळा बघ! दर्यावर्दी म्हणवतोस आणि मासा ओळखता येत नाही? एवढी जहाजं फिरलास, काय नुसतं पाणी बघत होतास?"

"जहाजात लोखंड होतं, नानाय, मासे नव्हते!" क्लेतोही ओरडला. "आणि गुडघा दुखतोय ना, मग बस की गप्प!"

"गप्प बसू? पैसे घालवून सडका मासा आणलास आणि मी गप्प बसू?"

"तूच का नाही गेलीस मग, लंगडत?"

शेजारणी कुंपणाशी जमल्या. मानांग पुरा हातातलं काम टाकून धावत आली. "काय झालं? काय झालं? बिघडला का पुन्हा?"

"काही नाही झालं," साल्बा म्हणाली. "पोरगा मूर्ख आहे माझा, दुसरं काय!" तिचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते, आणि तिला अजून बरंच बोलायचं होतं. क्लेतो पाय आपटत चुलीपाशी गेला आणि मासे साफ करायला बसला. त्यातला एक बरा निघाला. तो त्यांनी तळला.